सीताफळाला पाणी मी घातलं होतं

बिरू, रविवारी तुझी शोकसभा आहे. आपल्या माजी सैनिकांच्या मंडळाचे सेक्रेटरी काल घरी येऊन सांगून गेले, "तुमी त्यांचे सगळ्यात जवळचे. तुमीच दोन शब्द बोला." नमुना म्हणून आधीच्या कुणाच्या तरी सभेतला कागदही देऊन गेले. त्या कागदातला मयत माणूस शिस्तप्रिय, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल होता. शिस्तीचं सोड, ती पलटणीनं तुला मारून मुटकून लावली होती. मनमिळाऊ म्हणावं तर तुझं या गल्लीत माझ्याशिवाय कुणाशी जमलं नाही, आणि माझ्याशीही रोज भांडूनच जमलं. राहता राहिलं कुटुंबवत्सल. मलकापुरात स्वतःचं घर असताना ते सोडून तीन वर्षं गावाकडच्या पत्र्याच्या खोलीत एकट्यानं राहिलास, आणि तिथंच गेलास. यावर काय बोलायचं, तूच सांग.

दोन शब्दांत मावणारं असतं तर तुझ्या जिवंतपणीच बोलून टाकलं असतं. म्हणून लिहून काढतोय. आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर मी नेहमीसारखा वाटेत कुठंतरी वळायचो. तुझं सीताफळाचं रोप तुझ्या सुनेनं मारलं नाही. ते मी मारलं. सुनंदाच्या कपड्यांच्या साबणाचं पाणी त्या कुंडीत कधीच गेलं नव्हतं. गेलं ते माझ्या बादलीतलं पाणी. तुला मी चार माणसांत खोटं सांगितलं, आणि तू ते खरं मानून घर सोडलंस.

आता राग येऊ दे. पण तुझ्यावर माझाही राग आहे, तोही ऐकावा लागेल.

पाण्यावरनं आपलं भांडण पलटणीपासूनचं. मी आष्ट्याचा, उसाच्या रानात वाढलेला. पाटाला पाणी सोडायचं आणि सरी भरून वाहिली की दुसऱ्या सरीकडं वळायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. तू आटपाडीच्या पलीकडचा, मेंढरांमागं हिंडून मोठा झालेला. राजस्थानात पोस्टिंग होतं तेव्हा एका मगात तोंड धुऊन त्याच पाण्यात तू पाय धुवायचास आणि ते खाली सांडलं की हळहळायचास. मी अंघोळीला दोन बादल्या घेतल्या की तंबूबाहेर उभा राहून ओरडायचास, "आरं, ऊस हायस का माणूस हायस?" निवृत्तीनंतर आपण शेजारी शेजारी घरं बांधली तरी हे संपलं नाही. आमच्याकडची निम्मी रानं जास्त पाण्यानं खारवली, तिथं आता कुसळसुद्धा उगवत नाही, हे तुला कुणीतरी सांगितलं. त्यानंतर तर तुला जोरच चढला. मी अंगणात नळी धरली की कंपाउंडच्या भिंतीवरनं तुझं डोकं यायचं. "मार, मार. आष्टा खारवलं, आता मलकापूर खारव."

ते रोप आणलंस तो पावसाळा मला आठवतो. तुमच्याकडं उपसा योजनेचं पाणी पोचलं, आणि तुझ्या पुतण्यानं ऊस लावायला म्हणून रान सपाट केलं. बांधावरचं सीताफळाचं जुनं झाड त्यात गेलं. त्या झाडाच्या सावलीला बसवून तुझ्या आईनं तुम्हा भावंडांना भाकरी खायला घातली होती, हे तू मला पलटणीत इतक्यांदा सांगितलं होतंस की मला ते झाड न बघताच ओळखीचं झालं होतं. जेसीबी येण्याआधी तू त्याच्या बुडाला उगवलेलं गुडघाभर रोप काढलंस आणि ओल्या बारदानात गुंडाळून एसटीनं मांडीवर घेऊन आलास. मी विचारलं, "सीट मिळाली का?" तर म्हणालास, "मला न्हाई मिळाली. ह्याला मिळाली, कंडक्टरच्या शेजारी."

अंगणात लाव म्हटलं तर ऐकलं नाहीस. तुला ते गावाकडच्या उरलेल्या तुकड्यावर नेऊन लावायचं होतं, दोन वर्षांत मूळ धरलं की. तोवर कुंडीत. कुंडी तरी कसली, निळा ड्रम मधनं कापून त्याचा अर्धा भाग. सळई तापवून बुडाला भोकं पाडलीस, खाली खडी, वर मुरूम, माती आणि गावाकडनं पोत्यातून आणलेलं लेंडीखत. गच्चीत सकाळपासनं ऊन येतं त्या कडेला चार विटांवर ठेवलंस, पाणी साचू नये म्हणून. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, सगळ्या अंगाला ऊन लागावं म्हणून. पानांवर पांढरी पिठ्या कीड दिसली की जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची. मी बघत बसायचो. तुझा पोरगा लहान असताना तू त्याचं नाकसुद्धा कधी पुसलं नसशील, असं मी म्हणालो तर म्हणालास, "तवा सुट्टी नव्हती."

मग थंडी पडायला लागली आणि तुझा गुडघा गेला. पुण्याला ऑपरेशन, नंतर लेकीकडं दोन महिने मुक्काम. पोरगा तिकडं सीमेवर. घरात एकटी सुनंदा. तिची शाळेची नोकरी, सकाळी सातला बाहेर. तरी ती म्हणाली होती, "मामा, मी बघीन की रोपाकडं." सासऱ्याला ती मामाच म्हणायची. आणि तू काय म्हणालास? "तुला पोरं हायत साळंची. हे सर्ज्या बघंल. त्येला काय काम हाय?"

इथंच चुकलास, बिरू. सगळ्या जगात तुला पाणी घालायला उसातला माणूस सापडला.

सूचना तर अशा दिल्यास की जणू मी पहारेकरी आणि तू सुभेदार. पंधरा दिवसांनी अर्धा तांब्या पाणी. त्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर तेवढंही नको. खत अजिबात नको. "पानं पिवळी पडतील, गळतील. समदी गळतील. घाबरू नगंस. थंडीत ते झोपतंय, चैत उलटला की उठंल. झोपल्याला पाणी पाजू नगंस." आणि शंका आलीच तर खोडाला नखानं जरासं खरवडायचं, सालीखाली हिरवं दिसलं की जीव आहे. दोनदा माझ्याकडनं वदवून घेतलंस. ॲम्ब्युलन्समधनंसुद्धा खिडकीतनं दोन बोटं दाखवलीस, दोन पेरं.

पानं गळली. तू सांगितलं होतंस तशीच गळली, एकेक करत, आणि पंधरा दिवसांत तिथं नुसती काडी उरली. मला ते बघवेना. कृष्णेकडनं सकाळी धुकं यायचं, नऊ वाजेपर्यंत गच्ची ओली असायची, आणि कडेला ती काळी काडी. उसाचं पान पिवळं पडलं की माझा बाप एकच गोष्ट करायचा, पाणी सोडायचा. मलाही दुसरं सुचलं नाही. पहिल्या दिवशी एक तांब्या घातला. दुसऱ्या दिवशी वाटलं, थंडीचं गार पाणी कशाला, म्हणून कोमट करून घातलं. आमची ही म्हणाली, "सीताफळाला अंघोळ घालताय व्हय?" मग तांब्यावरनं बादलीवर आलो. बोट मातीत घालत होतो, ओल लागत होती, आणि मी स्वतःला सांगत होतो की ही वरची ओल आहे, खाली कोरडंच असणार. पुढं मूठभर युरिया टाकला. वरनं बारदान गुंडाळलं. तू एकदा खरवडायला सांगितलं होतंस, मी रोज खरवडलं. शेवटी त्या काडीवर माझ्या नखाच्या खुणांशिवाय काही उरलं नव्हतं.

फोन आला की विचारायचास, "गळली का पानं?"

"गळली."

"झ्याक. उठवू नगंस त्येला."

"न्हाई रं."

एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बादली. सुनंदाच्या जिन्यावरनंच गच्चीवर चढावं लागायचं, बादली हिंदकळायची आणि पायऱ्या ओल्या व्हायच्या. शाळेतनं आली की ती त्या पुसायची. एकदा म्हणाली होती, "आण्णा, मामा तर अर्धा तांब्या म्हणालं होतं." मी म्हणालो, "तू शाळेचं बघ." हे तिला मीच म्हणालो, बिरू.

तू फाल्गुनात आलास. काठी टेकत, एकेक पायरी चढत थेट गच्चीवर. तुझा मेहुणा आणि गल्लीतले दोघं तुला बघायला आले होते, तेही मागनं आले. मी आधीच वर होतो. बारदान मी सकाळीच काढून ठेवलं होतं. तू वाकून काडी हलवलीस आणि ती अलगद वर आली. मुळं काळी, लिबलिबीत. वास आला. तू वास घेतलास, माझ्याकडं बघितलंस.

"सर्ज्या, पाणी किती घातलंस?"

त्या एका घटकेत मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? तू शिव्या दिल्या असत्यास. आष्टा काढलं असतंस, माझा बाप काढला असतास, आठ दिवस भिंतीवरनं डोकं आलं नसतं. बास. एवढंच. एवढ्याला मी घाबरलो. चौघांच्या समोर तू मला पुन्हा एकदा उसातला म्हणशील, याला घाबरलो.

"तू सांगितलंस तेवढंच," म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढं बोललो. "इथं कपडे धुत्यात. साबणाचं पाणी गेलं असंल मुळाशी. सुनंदाचं लक्ष नसंल."

सुनंदा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या पायऱ्या पुसलेली बाई ती. मला वाटलं, आता बोलेल. ती काही बोलली नाही. तुझ्याकडं बघत राहिली. तू तिच्याकडं बघितलंच नाहीस. "माझ्या आईचं झाड हुतं," एवढंच म्हणालास, काडी कुंडीत टाकलीस आणि चहा न घेता खाली उतरलास.

माझं पाप मी मान्य केलं. आता तुझं ऐक. एका वाळक्या काडीवरनं घर सोडतात का रे? पंधरा दिवसांत ट्रंक भरलीस. पोराला फोनवर सांगितलंस, गावाकडची हवा मानवती. कुणाला खरं कारण सांगितलं नाहीस, कारण रोपासाठी घर सोडलं म्हटलं तर लोक हसले असते, एवढी अक्कल तुला होती. पण तू गप्प राहिलास म्हणून लोक गप्प राहत नाहीत. गल्लीत, शाळेत, तुझ्या भावकीत बोलायला लागले की सुनेनं सासऱ्याला काढला. पोरगा तिकडं बर्फात उभा आणि ही इकडं म्हाताऱ्याला हाकलून मोकळी झाली. हे तुझ्या कानावर आलं नसेल असं मी मानत नाही. आलं असेल आणि तू ऐकून घेतलंस. तू मेंढरामागं दिवसभर उपाशी राहायचास असं सांगायचास ना? तसाच हट्टानं तिच्या हातच्या जेवणावाचून राहिलास. ती दर महिन्याला डबा घेऊन आटपाडीची एसटी धरायची. तू डबा घ्यायचास, पाव्हणीला बसवतात तसं तिला बसवायचास, आणि तिची परतीची एसटी सुटली की तो डबा पुतण्याच्या पोरांना वाटायचास. मला पुतण्यानं सांगितलंय.

मी तीनदा आलो तुला सांगायला. पहिल्यांदा तू मला मेंढरं दाखवत हिंडवलंस, गुडघ्याची पर्वा न करता, आणि मी सुरुवात केली की "थांब, हे बग" म्हणून दुसरं कोकरू. दुसऱ्यांदा माझ्या तोंडातनं निघालंही होतं. "बिरू, ते रोपाचं..." म्हणालो. तू हात वर केलास. "त्याचं नगं काढू. पण एक सांगतो. त्या दिवशी सगळी गप्प हुती. मेव्हणा गप्प, गल्लीवालं गप्प. तू तेवढा खरं बोललास. घरातलं माणूस असतं तर झाकलं असतं. दोस्त तो दोस्त."

आता यावर मी काय करायचं होतं? सांग ना. तू मला शिव्या द्यायच्या ठिकाणी माझं कौतुक केलंस. मी भाकरी गिळली आणि एसटी धरली. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तू अंथरुणावर होतास आणि खोकला बोलू देत नव्हता. तेव्हा मी स्वतःशी म्हणालो, आजारी माणसाला कशाला त्रास. हे मी माझ्या सोयीचं म्हणालो.

तुझ्या दिवसकार्याला गावाकडं तुझ्या खोलीपुढच्या अंगणात बायका बसल्या होत्या. सुनंदा वाढायला उठली. तुझी एक चुलतबहीण ताटावरनं हात मागं घेत म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. जित्यापणी तुझ्या हातचं त्येनं खाल्लं न्हाई, आता आमी कशाला खावं?" सुनंदा भांडं खाली ठेवून आत गेली. तुझा पोरगा तिथंच उभा होता, त्यानं मान खाली घातली. मी पंगतीत बसलो होतो, बिरू. माझ्या पानात भात होता. मी तोही खाल्ला.

तिथनं आल्यावर दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरी गेलो. सुनंदा वह्या तपासत होती. मी बसलोही नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. बादली, कोमट पाणी, युरिया, सगळं. ती लाल पेन हातात धरून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हे मला ठाऊकच हाय की, आण्णा. पायऱ्या मीच पुसल्यात."

"माफ कर, पोरी."

"आता मला सांगून तुमी मोकळं झालासा. मी कवा व्हायचं?"

तिनं एक वही मिटून बाजूला ठेवली. "साबणाचं पाणी तुमी चार माणसांत काढलंसा. तर हेही चार माणसांत सांगा. त्या आत्या असतील, गल्लीतली असतील, आमचे हे असतील, तवा सांगा."

मी होय म्हणालो. मग चप्पल घालता घालता जे तीन वर्षं मनात होतं ते विचारलं. "त्या दिवशी गच्चीवर तू का बोलली नाहीस? मी खोटा पडलो असतो तिथल्या तिथं."

"मामांनी मला विचारलंच न्हाई," ती म्हणाली. "तुमाला विचारलं, कुंडीचा वास घेतला, पण मला न्हाई विचारलं. न विचारता बोलले असते तर दोस्तावर ढकलती म्हणाले असते. मी वाट बघत हुते, आज विचारतील, उद्या विचारतील. डबा घेऊन जायचे ते काय जेवणासाठी जायचे व्हय?"

मला तिथं तुझा जो राग आला, बिरू, तो पन्नास वर्षांत कधी आला नव्हता. माती किती ओली आहे हे बघायला बोट घालणारा माणूस तू. साल खरवडून हिरवं आहे का बघणारा. आणि घरातल्या पोरीला एक प्रश्न विचारायला तुला तीन वर्षं जमलं नाही? ती दर महिन्याला समोर येऊन बसत होती. राग आला आणि मग लक्षात आलं, की मीही तिला त्या दिवसापर्यंत काहीच विचारलं नव्हतं. आपण दोघं पाण्यावरनं भांडत राहिलो, पण या बाबतीत एकाच मातीचे निघालो.

तुझं चांगलं सांगायला मला जमत नाहीये असं नाही. बर्फात माझे पाय सुजले होते तेव्हा तू तुझे मोजे मला दिलेस आणि स्वतः पोत्याचं कापड बांधून पहारा केलास. माझी आई गेली तेव्हा रजा मिळेना, तर तू साहेबांच्या दारात बसून राहिलास, मला गाडीत बसवेपर्यंत. असला माणूस मला पुन्हा भेटणार नाही, आणि या वयात भेटून उपयोगही नाही. पण हे सगळं रविवारी दुसरं कुणीतरी सांगेल. मला माझं सांगायचंय.

तुझी चुलतबहीण यायला तयार नव्हती. मी स्वतः फोन करून सांगितलं, "आक्का, तुमी न्हाई आलासा तर सभा होणार न्हाई." येते म्हणाली. पोराची रजा सोमवारपर्यंत आहे. गल्लीतले येणारच, सभेनंतर चहा आहे. हा कागद मी पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत वाचणार आहे, तुझ्या टोमण्यांसकट. वाचताना आवाज गेला तर पाणी पिईन आणि पुढं वाचेन. लोक उठून गेले तर जाऊ देत, माझ्याशी बोलणं सोडलं तर सोडू देत. माफी मी माझ्या वाटणीची मागेन. तुझ्या वाटणीची मला मागता येणार नाही.

आणि वाचून झालं की मी खाली बसणार नाही. माईकपाशी उभा राहून सगळ्यांच्या देखत सुनंदाला विचारणार आहे, "पोरी, तुला काय सांगायचंय?" मग ती कितीही वेळ बोलू दे, नाहीतर काहीच न बोलता उभी राहू दे. तोवर कुणी उठायचं नाही. तुझा फोटो तिच्या समोरच ठेवायला सांगितलाय. तूही ऐकायचंस.